सापळ्यात न सापडलेले उंदीर

जुन्नर-आंबेगावच्या उसाचा विषय निघाला की बोलणे बिबट्यावर जाते. त्याच उसाच्या बुडाशी राहणारी घूस आठवते ती शेतकऱ्याला, तीही कांडी कुरतडलेली दिसल्यावर. मग प्रश्न येतो : रानात उंदीर आहेत तरी किती? या उत्तरावर विषाचा खर्च ठरतो. आणि उत्तर बरेचसे ठरते ते मोजणाऱ्याच्या हातातल्या साधनावरून. प्राणिशास्त्राच्या अभ्यासात मला उंदरांपेक्षा सापळ्यांनीच अधिक विचारात पाडले आहे.

घरोघरचा तारेचा पिंजरा भज्याच्या तुकड्यावर किंवा सुक्या बोंबलावर उत्तम चालतो. घूस त्यात येते. पण जेमतेम दहा ग्रॅम वजनाचा शेतातला चिमुकला उंदीर जाळीतून निसटतो, नाहीतर त्याच्या भाराने दार पडतच नाही. अभ्यासक वापरतात ती शेर्मन पेटी. अ‍ॅल्युमिनियमची, घडी होणारी, आतल्या पट्टीवर पाय पडताच मिटणारी. हा चिमुकला तिच्यात सापडतो, थोराड घुशीला मात्र ती अपुरी पडते. एकाच बांधावर दोन्ही मांडले, तर दोन निराळ्या शेतांचे आकडे हाती यावेत तसे होते. थंडीत या पेटीत कापूस घालावा लागतो आणि उजाडताच फेरी मारावी लागते, नाहीतर आतला जीव गारठून मरतो. चाप सर्वांत स्वस्त. पण मेलेल्या उंदराला खूण करून सोडता येत नाही.

आणि खूण करून सोडण्यातच खरी गंमत आहे. समजा, चाळीस उंदीर पकडून खुणा केल्या आणि सोडले. पुढच्या खेपेला तीस सापडले, त्यांत दहा खुणेचे. म्हणजे तिसांत दहा, तर एकूणांत चाळीस. एकूण संख्या एकशेवीस. हिशेब साधा आहे, पण उंदीर तितका साधा नाही. एकदा अडकलेला बिचकून पुन्हा फिरकला नाही, तर खुणेचे कमी सापडतात आणि अंदाज फुगतो. उलट, फुकटच्या शेंगदाण्याला सोकावलेला रोज येऊन बसतो आणि अंदाज आक्रसतो.

बिळे मोजणे त्याहून सोपे. संध्याकाळी सगळी तोंडे मातीने बुजवायची आणि सकाळी किती उकरली गेली ते पाहायचे. काळजी एवढीच, की एका बिळाला अनेक तोंडे असतात. बीळ खणून उंदीर काढण्याचे कातकऱ्यांचे कसब तर कोणत्याही पेटीला साधणारे नाही : पिल्ले, साठवलेले धान्य, सगळेच उजेडात येते. पण खणलेले बीळ पुन्हा मोजता येत नाही.

भीमाशंकरच्या जंगलात जमिनीवरचे सापळे आणखी तोकडे पडतात. लांब शेपटीचा झाडउंदीर वर फांद्यांतच वावरतो. पेटी फांदीला बांधावी लागते. शेकरूही कृंतकच, ज्याच्यासाठी १९८५ साली हे अभयारण्य झाले. त्याची मोजणी घरट्यांवरूनही करतात, आणि एक शेकरू अनेक घरटी बांधते! गव्हाणी घुबड हाही एक सापळाच म्हणायचा. त्याने ओकलेल्या गोळ्यांतल्या कवट्यांवरून माणसाच्या पेट्यांना न सापडलेले जीवही ओळखता येतात. मात्र घुबडाचीही आवडनिवड असते.

माझा कल बिळांकडे आहे, आणि त्याचे कारण विष. झिंक फॉस्फाईड घालण्याआधी दोन-तीन दिवस बिनविषाचा भरडा ठेवावा लागतो. ते न केल्यास उंदीर थोडेसे चाखतो, आजारी पडतो आणि वाचला तर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. अशा रानात त्याच भरड्याचे आमिष लावलेले पिंजरे रिकामे राहतात आणि उंदीर संपले असे वाटते. बुजवलेली बिळे मात्र सकाळी उकरलेली असतात.