मान सरळ झाली म्हणजे काय?

रोवणीत दिवसभर वाकायचे, एरवी डोक्यावर मोळी. चंद्रपूर-गडचिरोलीत मान आणि कंबर धरणे नवे नाही. शोधग्राममध्ये ‘सर्च’च्या दवाखान्यात मुंबईचे मणकेतज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज यांनी शिबिरे घेतली, ती या दुखण्यांसाठीच.

मान दुखली की रुग्ण आधी ‘फोटो’ मागतो. त्यात मानेचा नैसर्गिक बाक सरळ झालेला दिसला की घरभर काळजी. पण एक्स-रे काढताना हनुवटी जरा खाली असली तरी बाक कमी दिसतो. काहीच न दुखणाऱ्यांतही तो सरळ आढळतो! बाक मोजून हाताने मणके ‘बसवण्याची’ रीत कायरोप्रॅक्टिकमधल्या काहींची. ही पद्धत अमेरिकेत १८९५ साली निघाली. एक्स-रेचा शोधही त्याच वर्षीचा. बाक सुधारला म्हणून दुखणे गेले, याचा पुरावा मात्र तोकडा आहे.

बहुतेक मानदुखी काही आठवड्यांत, हालचाल चालू ठेवून, व्यायामाने उतरते. मात्र पडल्यावर मान दुखू लागली, हातापायांतली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप राहिला किंवा वजन घटले, तर मान कुणाकडूनही मोडून घेऊ नये. थेट डॉक्टरांकडे जावे. मणक्याचा क्षय सुरुवातीला साध्या एक्स-रेत दिसेलच असे नाही.