गंज, हिरडा आणि जुनी मोटार

जयपूरहून अजमेरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे ३० किलोमीटरांवर बगरू नावाचे गाव लागते. लाकडी ठशांनी छापलेल्या कापडाबद्दल ते प्रसिद्ध आहे. तेथील छिपा कारागीर काळा रंग मोठ्या युक्तीने तयार करतात. लोखंडाचे गंजलेले तुकडे गूळ कालवलेल्या पाण्यात कित्येक दिवस भिजत ठेवले जातात. गूळ आंबतो, आंबण्याने आम्ले उत्पन्न होतात आणि त्यांत लोखंड विरघळते. मग ते पाणी गाळून, चिंचोक्याच्या पिठाने दाट करून, हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर ठशाने उमटवतात. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि लोखंड यांचा संयोग होतो आणि पक्का काळा रंग चढतो. आपल्याकडे पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत, तिचेही मर्म हेच होय.

जुन्या मोटारीच्या दुरुस्तीत हा कापडाचा धागा कोठून आला, असे श्रोत्यांना वाटेल. पण धागा खरोखरच एक आहे. गंजलेल्या पत्र्यावर लावण्यासाठी जी औषधे रंगाच्या दुकानांत मिळतात, त्यांपैकी काहींत हेच तुरट द्रव्य असते. त्याला टॅनिन म्हणतात. ते तांबूस गंजाशी संयोग पावून त्याचे काळसर, स्थिर अशा थरात रूपांतर करते. बगरूच्या अंगणात जो गंज रंगाचे कच्चे द्रव्य ठरतो, तोच मोटारीच्या पत्र्यात शिरला म्हणजे तिचा काळ ठरतो. जुन्या छोट्या मोटारीचे आयुष्य तिच्या इंजिनापेक्षा तिच्या पत्र्यावर अधिक अवलंबून असते, हीच गोष्ट आज मला विशेषेकरून सांगावयाची आहे.

छोटी मोटार म्हणजे कोणती, हे आधी स्पष्ट करू. जिला सामानाची पेटी वेगळी नसते आणि जिचे मागचे दार काचेसकट वर उचलले जाते, ती हॅचबॅक. आपल्या मध्यमवर्गाला या जातीची खरी ओळख झाली ती मारुती ८०० या गाडीने. गुडगावच्या कारखान्यातील पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पुढे १९९८ साली पुण्याच्या टाटा कारखान्याने इंडिका पुढे आणली. तिचेही उत्पादन आता बंद झाले आहे. मारुतीचे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरांचे, तीन सिलिंडरांचे. शक्ती पुढच्या चाकांना मिळते. रचना साधी आणि यंत्र हलके, म्हणून घरच्या अंगणात पान्हे घेऊन बसणाऱ्या हौशी माणसाला ही गाडी मानवते.

परंतु या साधेपणात एक मेख आहे. ट्रकला खाली स्वतंत्र सांगाडा असतो आणि वरची पेटी त्यावर बसविलेली असते. छोट्या मोटारीला असा सांगाडा नसतो. तळ, दारांखालचे पोकळ पट्टे, खांब आणि छत हे सारे पत्र्याचे भाग एकमेकांना जोडून जी पेटी होते, तोच तिचा सांगाडा. म्हणून दाराखालचा पट्टा गंजून पोकळ झाला, तर ते घराच्या भिंतीचा गिलावा पडल्यासारखे नव्हे, तर तुळई वाळवीने खाल्ल्यासारखे समजावे. अपघाताच्या वेळी आत बसलेल्या माणसांना राखणारी वस्तू तीच असते.

गंज कोठे शोधावा? पायाखालचे गालिचे उचलून तळ पाहावा. बॅटरीच्या खालचा पत्रा, चाकांवरच्या कमानी, मागच्या दाराची खालची कड आणि पुढच्या चाकांचे आघात झेलणारे खांब जेथे वर जोडलेले असतात ती जागा, ही सारी तपासावी. जाड स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द आवाज देतो. चुंबक जेथे चिकटत नाही, तेथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे असे समजावे.

येथे गावागावांचा फरक दिसून येतो. रत्नागिरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्राची खारी हवा बारमाही. जयपूरच्या परिसरात पाऊस सुमारे ६०० मिलिमीटर. त्यामुळे कोकणातली गाडी तळातून कुजते, तर बगरूसारख्या कोरड्या गावातल्या गाडीचा पत्रा पुष्कळदा शाबूत राहतो. मात्र तेथील ऊन रबराला सोडत नाही. टायरांना भेगा जातात, पाण्याच्या नळ्या कडक होतात, काचेभोवतीच्या पट्ट्या ठिसूळ होतात आणि रंग उडतो. म्हणून कोकणातल्याने आधी तळाकडे पाहावे आणि मारवाडाकडच्याने आधी रबराकडे.

वरवरचा गंज असेल तर उपाय सोपा आहे. सुटा गंज तारेच्या ब्रशाने व पॉलिशपेपरने काढावा, उरलेल्यावर टॅनिनयुक्त औषध लावावे, ते पुरते काळे पडून सुकले की प्रायमर आणि नंतर रंग द्यावा. नुसता हिरड्याचा काढा फासून भागणार नाही. बाजारी औषधात पत्र्यावर पापुद्रा धरणारे दुसरेही द्रव्य असते. भोक पडले असेल, तर मात्र कोणतेही औषध व्यर्थ. कुजलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून त्याच जाडीचा नवा तुकडा वेल्डिंगने जोडला पाहिजे. लांबीने भोक झाकते, बळ येत नाही. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करवून घ्यावे. त्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात आणि कामाची जागा टाकीजवळ असेल तर पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी. रिकाम्या टाकीतील वाफही स्फोटक असते. तसेच, केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. तिला पक्के लोखंडी स्टँड लावलेच पाहिजेत.

दोन्ही बाजूंचे पट्टे आणि खांबांचे जोड कुजले असतील, तर कितीही जिव्हाळा असला तरी ती गाडी मोडीत काढणेच शहाणपणाचे. पत्रा शाबूत असेल, तर पुढचा क्रम ब्रेक, स्टिअरिंग, टायर, मग इंजिन आणि शेवटी रंग असा ठेवावा. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. जुने तेल काढून नवे घालावे. टायर वरून चांगला दिसला, तरी त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. इंजिनात टायमिंगचा पट्टा रबरी असतो. तो कधी बदलला हे माहीत नसेल, तर इंजिन फिरविण्यापूर्वीच बदलावा.

आता फेरबदलांविषयी. तरुणांना रुंद चाके, खाली बसविलेल्या स्प्रिंगा आणि गर्जणारा सायलेन्सर यांची भूल पडते. पण मोठ्या चाकांनी वेगदर्शक खोटे सांगू लागतो आणि बेअरिंगवर नको तो भार येतो. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. गॅस किंवा विजेवर चालविण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसविण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. रंग बदलला, तर त्याची नोंद करून घ्यावी.

उपयुक्त फेरबदल मात्र आहेत. जुन्या गाडीत दिव्यांचा सारा विद्युत्प्रवाह बारीक तारांतून आणि बटणातून जातो; वाटेत दाब घटतो आणि दिवे मिणमिणतात. रिले बसवून बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड तार दिली, तर त्याच बल्बचा उजेड लक्षणीय वाढतो आणि बटणही जळत नाही. ज्या गाडीचे आसनपट्टे जीर्ण झाले असतील, तिला नवे बसविणे हा तर रंगाहूनही आधीचा खर्च.

नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. दिल्ली व भोवतालच्या राजधानी क्षेत्राचे नियम अधिक कडक आहेत, म्हणून गाडी कोठे नोंदलेली आहे आणि कोठे चालवावयाची आहे हे खर्चापूर्वीच पाहावे. २०२१च्या नियमांनी ५० वर्षांवरील मोटारींना वारशाचा दर्जा दिला. अट अशी की सांगाडा, पेटी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. पहिल्या मारुतीला हा मान २०३३च्या अखेरीस मिळू शकेल. आज हौसेने जिची मोडतोड होईल, ती गाडी त्या दिवशी या मानाला मुकेल.

बगरूचा कारागीर आधी कापड धुतो, मग हिरड्यात बुडवितो आणि त्यानंतरच ठसा हाती घेतो. कापड आतून तयार नसेल, तर वरचा ठसा पहिल्याच धुण्यात फिका पडतो, हे तो जाणतो. मोटारीलाही हाच न्याय लागू आहे. आधी पत्रा, मग ब्रेक, मग यंत्र. हा क्रम ज्याने सांभाळला, त्याच्या गाडीत घरच्या माणसांनी निर्धास्तपणे बसावे.