यकृतातली गाठ

सोनोग्राफीच्या कागदावर 'यकृतात गाठ' असे वाचले की आमच्या उमापुरात घरातले रडायलाच लागतात. पण प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. हिमँजिओमा ही रक्तवाहिन्यांची गाठ बहुधा निरुपद्रवी असते, तिला हातही लावावा लागत नाही. खरा धोका हिपॅटायटिस बी किंवा सी चा जुना संसर्ग असणाऱ्यांना आणि दारूने यकृत निबर झालेल्यांना, म्हणजे सिरॉसिसच्या रुग्णांना. त्यांनी पोट दुखण्याची वाट पाहू नये. डॉक्टरांना विचारून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. गाठ लहान असतानाच सापडली तर शस्त्रक्रियेने काढता येते किंवा सुई घालून जाळता येते. उशिरा आलेल्यांना बहुतेक वेळा औषधांनी वाढ रोखण्यापुरताच आधार उरतो. काविळीची माळ घालून महिने घालवणारे माझ्याकडे असेच उशिरा येतात. नवजात बाळाला 24 तासांच्या आत हिपॅटायटिस बी ची लस टोचून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते.