पिवळे पान काय मागते?

म्हैसूरहून हुणसूर-पिरियापट्टणकडे जाताना पावसाळ्याच्या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही अंगांना तंबाखूची शेते दिसतात. जमीन लाल व हलकी. याच जिल्ह्यात कावेरी-कबिनीच्या कालव्यांखाली भात डोलत असतो. आपल्या ‘खत’ या शब्दाप्रमाणे कन्नडमधील ‘गोब्बर’ हा शब्दही शेणखताला आणि कारखान्यातील खताला सारखाच चालतो. शब्द एक असला, तरी मागणी मात्र शेताशेताला निराळी असते, आणि ती न ओळखता ओतलेल्या पोत्यांचा भार अखेर घरखर्चावरच पडतो.

सिगारेटसाठी पिकवलेल्या तंबाखूला नत्र अधिक झाले, की पाने हिरवीगार राहतात, वेळेवर पिकत नाहीत आणि भट्टीत त्यांना सोनेरी रंग चढत नाही. पालाश द्यावयाचे, तर तेही म्युरिएट ऑफ पोटॅशमधून नव्हे. त्यातील क्लोराइड पानात उतरते व पान नीट जळत नाही. म्हणून सल्फेट ऑफ पोटॅश वापरतात. पालाश तेच, सोबती निराळा!

भाताच्या चिखलात हवा पोचत नाही. तेथे नायट्रेटरूपी नत्र जिवाणूंच्या क्रियेने वायू होऊन उडून जाते. अमोनियमरूपी नत्र टिकते. म्हणून भाताला युरिया किंवा अमोनियम सल्फेट मानवते. तथापि पीक पिवळे दिसताच युरियाचे पोते फोडू नये. जुनी पाने टोकाकडून पिवळी पडत असतील, तर नत्र उणे आहे. त्यांच्या कडा करपल्या असतील, तर पालाशाचा संशय घ्यावा. खालच्या पानांवर गंजासारखे तांबूस ठिपके आले, तर रोपाला जस्त हवे आहे. त्या शेतात कितीही युरिया ओतला, तरी ती उणीव भरून निघणार नाही. स्फुरद वाजवीपेक्षा जास्त पडले असेल, तर जस्ताची चणचण आणखी वाढते.

पान बोलते खरे, पण उशिरा. तोवर पिकाचे काही नुकसान होऊन गेलेले असते. त्यासाठी पेरणीपूर्वीच माती तपासून घेणे शहाणपणाचे. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत मातीचे १२ गुण नोंदवलेले असतात. पण नमुनाच चुकीचा घेतला, तर पत्रिका काय करणार? खत घालण्यापूर्वी शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे १५ सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावेत, त्यांच्या कडेची माती खरवडून एकत्र करावी आणि सावलीत वाळवून त्यातील अर्धा किलो पाठवावी. बांध व उकिरडा टाळावा. झाडाच्या गारव्याला उभे राहून उकरलेली माती त्या झाडाची हकीगत सांगेल, शेताची नव्हे.