हरणाऱ्यासाठी लिहिलेला कायदा

२४ नोव्हेंबर १९९५ रोजी आयर्लंडच्या मतदारांनी आपल्या राज्यघटनेतली घटस्फोटबंदी उठवली. बाजूने ८,१८,८४२ मते पडली, विरोधात ८,०९,७२८. सोळा लाखांहून अधिक मतांमध्ये फरक फक्त ९,११४ मतांचा. विषयही साधा नव्हता. घटस्फोटाची वाट १९३७ च्या घटनेनेच बंद केली होती, कॅथलिक चर्च त्या बंदीमागे ठाम उभे होते आणि नऊच वर्षांपूर्वी, १९८६ मध्ये, याच प्रश्नावर ६३.५ टक्के मतदार ‘नाही’ म्हणाले होते. त्यात मतदानाला आठवडा उरला असताना, १७ नोव्हेंबरला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ‘हो’च्या प्रचारासाठी सरकारने तिजोरीतून पाच लाख पौंड खर्च करणे घटनाबाह्य आहे. निसटता निकाल, जिव्हाळ्याचा विषय आणि जिंकणाऱ्या बाजूची न्यायालयाने उघड केलेली चूक. वर्षानुवर्षे धुमसत राहायला एवढे पुरेसे होते. तरी प्रकरण सात महिन्यांत मिटले. हरलेल्या बाजूचे नेते डेस हनाफिन न्यायालयात गेले, तिथेही हरले, आणि जून १९९६ मध्ये दुरुस्ती घटनेत दाखल झाली. हा समंजसपणा आयरिश मातीचा गुण म्हणावा, तर याच देशात १९२२ मध्ये एका तहावरून यादवी युद्ध पेटले होते. फरक पडला तो कायद्यामुळे. सार्वमताचा कायदा जिंकणाऱ्यासाठी लागतच नाही. तो हरणाऱ्यासाठी लिहायचा असतो, आणि आयर्लंडने तो बऱ्याच अंशी तसा लिहिला आहे, असे माझे म्हणणे आहे.

निवडणुकीत हरलेल्या पक्षाला सभागृहात काही जागा मिळतात, पाच वर्षांनी पुन्हा संधी मिळते, मधल्या काळात सरकारला धारेवर धरता येते. सार्वमतात हरलेल्याच्या पदरात काहीच पडत नाही. घटना बदलली की बदलली. शिवाय बहुतेक ठिकाणी प्रश्न काय विचारायचा, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या दिवशी, हे ठरवणारे सरकार त्या वादात स्वतःच एक पक्षकार असते. म्हणून पन्नास टक्क्यांच्या वर एक मत मिळाले की झाले, एवढ्या नियमाने हरणाऱ्याचे समाधान होत नाही. त्याला दोन गोष्टी हव्या असतात. आपल्याच कराच्या पैशाने आपल्याला हरवले गेले नाही याची खात्री, आणि काही काळेबेरे झाले असेल तर ते दाखवायला एक जागा.

आयर्लंडमध्ये घटनेतला प्रत्येक बदल आधी संसदेच्या दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावा लागतो आणि मग जनतेपुढे जावा लागतो. झालेल्या मतदानाचे साधे बहुमत पुरते. किती टक्के मतदान झाले याची अट नाही. रेमंड क्रॉटी या अर्थतज्ज्ञाने एका युरोपीय करारावरून सरकारला न्यायालयात खेचले. १९८७ मधल्या त्या निकालानंतर सार्वभौमत्वाला हात घालणारे युरोपचे मोठे करारही लोकांपुढे न्यावे लागू लागले. त्यामुळे तिथल्या मतदाराला सार्वमताची सवय आहे आणि वकिलांना त्याहून जास्त. १९९५ च्या ज्या निकालाचा वर उल्लेख केला, तो मिळवणाऱ्या पॅट्रिशिया मॅकेना स्वतः घटस्फोटाच्या विरोधात नव्हत्या. ग्रीन पक्षाच्या या नेत्याचा आक्षेप एवढाच होता, की तिजोरी ‘हो’वाल्यांची जितकी, तितकीच ‘नाही’वाल्यांचीही आहे. न्यायालयाने ते मानले. मंत्र्यांनी भाषणे द्यावीत, पक्षांनी आपल्या निधीतून फलक लावावेत. सरकारी पैसा मात्र एका पारड्यात टाकायचा नाही. १९९८ पासून मतदारांना माहिती देण्याचे काम न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र आयोगाकडे गेले आणि २०२३ पासून ते तिथल्या निवडणूक आयोगाकडे आहे.

सरकारने सार्वमतात तटस्थ राहावे ही कल्पना आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला, तेव्हा नेमका हाच पेच होता. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, हा प्रश्न. आणि राज्य होते विलीनीकरणाचा झेंडा घेऊनच सत्तेवर आलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे. सरकारी यंत्रणा त्यांच्या हातात असताना कौल निष्पक्ष कसा होणार, हा जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचा सवाल होता. शेवटी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला आणि केंद्राच्या राजवटीत, संसदेने केलेल्या खास कायद्यानुसार मतदान झाले. ‘फूल’ म्हणजे विलीनीकरण, ‘दोन पाने’ म्हणजे केंद्रशासित प्रदेश. फुलाला १,३८,१७० मते मिळाली, दोन पानांना १,७२,१९१. आयर्लंडच्या न्यायालयाने जे पैशाच्या बाबतीत केले, ते गोव्यात अख्खे सरकार बाजूला करून केले गेले. अठ्ठावीस वर्षे आधी. पुढची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. दोन-तीन महिन्यांतच झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले. प्रश्नावर हरलेला माणूस सत्तेवर परतला आणि निकालही टिकला. मुंबईतल्या गोवेकरांना मात्र मत मिळाले नाही. आयर्लंडही परदेशात स्थायिक झालेल्या नागरिकांना मत देत नाही; म्हणूनच २०१५ आणि २०१८ मध्ये समलिंगी विवाह आणि गर्भपात यांवरच्या सार्वमतांत मत देण्यासाठी विमाने-बोटी पकडून घरी परतणाऱ्या तरुणांची दृश्ये जगभर दिसली.

मॅकेना निकालावरचा सर्वांत सबळ आक्षेप असा, की लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचे कामच मुळी दिशा दाखवणे आहे. ज्या बदलावर संसदेतले जवळजवळ सगळे पक्ष एकत्र आले आहेत, त्याचे समर्थन करायला हात बांधायचे आणि मूठभर विरोधकांना बरोबरीचे स्थान द्यायचे, ही कृत्रिम समानता झाली. सन २००० मधल्या कॉफलन निकालाने या तक्रारीत भर घातली. १९९५ च्या प्रचारात सरकारी नभोवाणी-दूरचित्रवाणीवर पक्षांना मोफत वेळ मिळाला होता आणि बहुतेक सगळे पक्ष ‘हो’च्या बाजूचे असल्याने तो वेळही एकाच बाजूला गेला होता, न्यायालयाने ते अन्यायाचे ठरवले. त्यानंतर काही वर्षे निर्माते हातात घड्याळ घेऊन दोन्ही बाजूंची मिनिटे मोजत बसत. हा अतिरेक होता, यात शंका नाही. पण निकाल पक्षांच्या मोफत प्रसारणापुरता होता. चर्चेच्या कार्यक्रमात सेकंदांचा हिशेब त्याने मागितलाच नव्हता. राहिला दिशा दाखवण्याचा मुद्दा. सगळे पक्ष एका बाजूला असूनही सार्वमत घ्यावे लागते, ते पक्षांचे मत आणि लोकांचे मत वेगळे असू शकते म्हणूनच. ८ मार्च २०२४ रोजी तेच झाले. कुटुंबाची व्याख्या आणि घरातल्या स्त्रीच्या कर्तव्याविषयीचे जुने कलम बदलणाऱ्या दोन दुरुस्त्यांना सर्व मोठ्या पक्षांचा पाठिंबा होता, तरी एक ६७.७ टक्क्यांनी आणि दुसरी ७३.९ टक्क्यांनी फेटाळली गेली. पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. मतमोजणी संपण्याआधीच त्यांनी पराभव मान्य केला. सरकारने तिजोरी ओतून हे सार्वमत रेटले असते, तर त्यातून हाती आलेला होकार किती दिवस टिकला असता?

दुसरी गरज दाद मागण्याची. १९९४ च्या सार्वमत कायद्याने आयर्लंडमध्ये ती सोय केली आहे. हंगामी निकाल राजपत्रात आल्यापासून सात दिवसांत कोणीही नोंदणीकृत मतदार उच्च न्यायालयाकडे अर्ज करू शकतो. मात्र सकृद्दर्शनी पुरावा असल्याशिवाय न्यायालय याचिका दाखलच करून घेत नाही. तोपर्यंत राष्ट्राध्यक्षांची सही थांबते. हनाफिन याच मार्गाने गेले. पाच लाख पौंड बेकायदा खर्च झाले हे आधीच सिद्ध होते. त्या खर्चाने निकालावर ठोस परिणाम झाला, हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर होती. ते जमले नाही, कारण मतचाचण्या उलटेच सांगत होत्या. सरकारी जाहिराती चालू असतानाच ‘हो’चा पाठिंबा घसरत गेला होता. हाच प्रश्न २०१२ मध्ये पुन्हा आला. बालहक्कांविषयीच्या सार्वमताच्या दोन दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची माहितीपुस्तिका आणि संकेतस्थळ एकतर्फी ठरवले. ५८ टक्के ‘हो’ असा निकाल लागला, त्याला आव्हान दिले गेले आणि २०१५ मध्ये अंतिम निर्णय झाला. याचिका फेटाळताना न्यायालयाने कसोटी मात्र थोडी सैल केली. निकाल नक्कीच बदलला असता, हे दाखवायची गरज नाही. तो बदलण्याची वाजवी शक्यता आहे आणि सुबुद्ध माणसाचा त्या निकालावरचा विश्वास उडावा, इतके दाखवले तरी पुरे.

इथे टीकाकार म्हणतात, की हा दरवाजा चित्रातला आहे. आजवर त्यातून कोणी पार गेलेले नाही. घटस्फोट, बालहक्क, समलिंगी विवाह, गर्भपात, चारही विषयांवर लोक न्यायालयात गेले आणि चारही वेळा निकाल कायम राहिला. ही वस्तुस्थिती आहे. पण दरवाजाच नसला की काय होते, ते ब्रिटनकडे पाहून कळते. २०१६ च्या युरोपविषयक सार्वमतात ५१.९ टक्के ‘बाहेर पडा’ म्हणाले. पुढे तिथल्या निवडणूक आयोगाने बाहेर पडण्याच्या बाजूच्या अधिकृत प्रचारसंस्थेला खर्चमर्यादा ओलांडल्याबद्दल ६१,००० पौंड दंड केला. सत्तर लाखांची मर्यादा जवळपास साडेचार लाखांनी ओलांडली गेली होती. प्रकरण न्यायालयात गेले आणि अडकले, कारण २०१५ च्या कायद्याने हे सार्वमत केवळ सल्ल्यापुरते ठेवले होते आणि प्रचारातल्या गैरप्रकारावरून निकाल रद्द करवून घेण्याची सोयच त्यात नव्हती. सल्ला रद्द कसा करणार? म्हणजे राजकारणात हा कौल ब्रह्मवाक्य आणि न्यायालयात नुसता सल्ला. त्या देशातली या विषयावरची कटुता अजून शमलेली नाही, यात या विचित्र कायद्याचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

उलट स्वित्झर्लंडमध्ये १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक राष्ट्रीय मतदान सरळ रद्द केले. तिथल्या आधुनिक इतिहासात प्रथमच. विवाहित जोडप्यांना अविवाहितांपेक्षा जास्त कर पडतो, तो भेद काढावा, हा २०१६ चा प्रस्ताव ५०.८ टक्क्यांनी पडला होता. सरकारने मतदारांना सांगितले होते, की अशी दोघेही कमावणारी जोडपी सुमारे ८०,००० आहेत. दोन वर्षांनी सरकारनेच कबूल केले, की खरा आकडा ४,५४,००० आहे. एवढी मोठी चूक आणि इतका निसटता निकाल, हे दोन्ही एकत्र आल्यावर निकाल टिकू शकत नाही, असे न्यायालय म्हणाले. हनाफिन प्रकरण आणि हे प्रकरण शेजारी ठेवले की कसोटी स्पष्ट दिसते. नुसती चूक पुरत नाही आणि नुसता निसटता फरकही पुरत नाही. चुकीचा धागा निकालापर्यंत पोचलेला दिसावा लागतो.

आयर्लंडच्या कायद्यात भोके आहेत, ती झाकण्यात अर्थ नाही. सरकारच्या पैशावर कडक पहारा आहे, पण खासगी प्रचाराच्या खर्चाला कमाल मर्यादाच नाही. २०१८ च्या गर्भपात सार्वमतात परदेशी पैशाच्या ऑनलाइन जाहिराती रोखल्या त्या फेसबुक आणि गूगल यांनी, आपापल्या मर्जीने; कायदा बघत राहिला. ऑनलाइन राजकीय जाहिरातींसाठी तरतुदी लिहिल्या गेल्या त्या २०२२ मध्ये. दुसरा आरोप, नकार आला की पुन्हा विचारायचे हा. युरोपीय संघाचा नीस करार २००१ मध्ये नाकारला गेला आणि २००२ मध्ये मंजूर झाला. लिस्बन कराराचे २००८ आणि २००९ मध्ये तेच. हा आरोप मला अर्धाच पटतो. दोन्ही वेळा दुसऱ्या फेरीत मतदान वाढले, म्हणजे लोकांनी कंटाळून माघार घेतली नव्हती, आणि दोन्ही वेळा लष्करी तटस्थता किंवा युरोपीय आयोगातला आयर्लंडचा आयुक्त यांविषयी आश्वासने मिळवून सरकार परत आले होते. तरी पुन्हा विचारण्याआधी किती काळ जावा, याचा नियम नाही, ही उणीवच आहे. किमान मतदानाची अट घालावी, ही सूचना मात्र नको. इटलीत कायदा रद्द करण्याच्या सार्वमताला निम्म्याहून अधिक मतदारांची अट आहे, त्यामुळे ‘नाही’वाल्यांना प्रचार करायची गरजच उरत नाही, घरी बसा म्हटले की प्रस्ताव बुडतो. २००५ मध्ये कृत्रिम गर्भधारणेच्या कायद्यावरील सार्वमत असेच जेमतेम २६ टक्के मतदानावर निकामी झाले.

आपल्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. १९७८ मध्ये जनता सरकारने घटनेच्या मूलभूत गोष्टी बदलण्यासाठी सार्वमत सक्तीचे करणारे कलम आणले होते. लोकसभेने ते मंजूर केले, राज्यसभेने गाळले. त्यातही निदान ५१ टक्के मतदानाची अट होती, म्हणजे इटलीचीच वाट. अधूनमधून कोणी तरी पुढारी उठतो आणि ‘घ्या सार्वमत, होऊन जाऊ द्या’ म्हणतो. त्या वेळी वाचकांनी त्याला आधी कायद्याचा मसुदा मागावा: सरकारी पैसा कोणी वापरायचा, खासगी पैशाला मर्यादा किती, निकालानंतर किती दिवसांत आणि कोणत्या न्यायालयात जायचे, आणि पुरावा कोणी द्यायचा. या चार ओळी कोऱ्या असतील, तर त्या सार्वमताला नकार द्यावा.