ना शिंपी, ना डिझायनर

कपड्यांच्या दुनियेतला हा बादशहा आला सुई-दोऱ्याच्या वाटेने नव्हे, गुगलच्या वाटेने! चीनच्या शानडोंग प्रांतातला शू यांगत्येन. इंटरनेटवर लोक काय शोधतात आणि त्या शोधात आपलं दुकान सगळ्यात वर कसं आणायचं, हा त्याचा मूळ पेशा. २००८ साली नानजिंगमध्ये दोन भागीदार गाठून त्याने कंपनी काढली आणि परदेशी नवऱ्यामुलींना लग्नाचे गाऊन ऑनलाइन विकायला घेतले. पुढे बायकांचे रोजचे कपडे आले. साइटचं नाव होतं 'शीइनसाइड', २०१५मध्ये शेपूट कापून त्याचं 'शीइन' झालं.

सुरुवातीला स्वतःचा कारखाना नाही, स्वतःचं डिझाइन नाही. ग्वांगचौच्या घाऊक बाजारातला माल साइटवर झळकवायचा आणि विकायचा. मग शूने बस्तानच ग्वांगचौला हलवलं, कारण तिथल्या पान्यू भागात गल्लोगल्ली शिवणकामाचे कारखाने. मोठ्या कंपन्या या छोट्या कारखानदारांचे पैसे महिनोन्महिने थकवायच्या. शीइन वेळेवर चुकते करायची. नुसत्या या एका शिस्तीवर तिने माणसं जोडली, आणि मला तरी या धंद्याचा खरा पाया हाच वाटतो.

आता हुकमी पत्ता पाहा. मोठे ब्रँड एकेका डिझाइनचे हजारो नग कित्येक महिने आधी शिवून घेतात. फॅशन पडली की माल गोदामात पडून. शीइनची पहिली ऑर्डर अवघी शंभर-दोनशे नगांची! तो टॉप ॲपवर चढला की कोण थबकलं, कोणी कार्टमध्ये टाकला, कोणी विकत घेतला, याचा हिशेब लगेच सुरू. चालला तर कारखान्याला त्याच दमात पुढची ऑर्डर, नाही चालला तर नुकसान शंभर नगांचं. म्हणूनच रोज हजारो नवी डिझाइन्स बाजारात सोडायची छाती होते.

अमेरिकेचा एक नियमही पथ्यावर पडला. २०१६पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर तिथे आयातशुल्क नव्हतं. चीनमधून निघालेला ड्रेस थेट गिऱ्हाइकाच्या दारात, करमुक्त! मे २०२५मध्ये चिनी मालासाठी ही सवलत बंद झाली. तोवर शीइन कुठच्या कुठे पोचली होती. २०२२मध्ये तिची किंमत शंभर अब्ज डॉलर आखली गेली, म्हणजे झारा आणि एच अँड एम यांच्या मालक कंपन्यांच्या बेरजेहूनही जास्त. वर्षभरात ती ६६ अब्जांवर घसरली, तो भाग वेगळा. गंमत म्हणजे एवढं साम्राज्य उभारणारा शू मुलाखती देत नाही, त्याचे फोटोही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

पण या वेगाची किंमत कोण मोजतं? 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने २०२१मध्ये पान्यूतले कारखाने धुंडाळले. कामगार आठवड्याला ७५ तासांपर्यंत मशीनवर, महिन्याला सुट्टी बहुधा एकच, आणि मजुरी नगावर. बाहेर पडायच्या वाटा कापडाच्या गठ्ठ्यांनी अडलेल्या. चीनच्याच कायद्यात आठवडा ४० तासांचा आहे. शूच्या हुशारीला दाद द्यायची तर या ७५ तासांकडे डोळेझाक करून चालणार नाही.

ठपका केवळ कामगारांच्या हालांचा नाही, गिऱ्हाइकांच्या फसवणुकीचाही आहे: फ्रान्सने जुलै २०२५मध्ये फसव्या सवलती दाखवल्याबद्दल कंपनीला चार कोटी युरोंचा दंड ठोकला.

आपल्याकडे? जून २०२०मध्ये टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी आली, त्यात शीइनही होती. तेव्हा अर्धवट भरलेल्या कार्टवर हळहळलेल्या मैत्रिणी अनेकींना आठवत असतील. फेब्रुवारी २०२५मध्ये नाव परतलं, पण रिलायन्स रिटेलचं बोट धरून: ॲप रिलायन्सचं, गिऱ्हाइकांचा डेटा भारतातच, कपडेही इथल्याच कारखान्यांत शिवलेले. आता शंभर नगांचं तंत्र इथल्या कारागिरांकडूनही मागितलं जाईल, तेव्हा त्यांच्या मशीनवरचे तास कोण मोजणार, हे आजच विचारायला हवं.