जॅकखालचा ठोकळा

पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर ट्रकचे चाक बदलायचे झाले, तर अनुभवी चालक जॅक सरळ मातीवर टेकवीत नाही. आधी खाली जाड फळी ठेवतो. ही फळी नेमके काय करते? ती पातळ असली तर चालेल का?

अमेरिकेतील ‘आर. व्ही.’ गाड्यांच्या उदाहरणाने हे चांगले समजते. आर. व्ही. म्हणजे चाकांवरचे घरच! आत झोपण्याची जागा, शेगडी, शीतकपाट असे सारे असते. मुक्कामी गाडी समपातळीत आणण्यासाठी अनेक गाड्यांना खालून जॅक बसविलेले असतात. समपातळी केवळ झोपेसाठी हवी असते असे नाही. यांतील बऱ्याच शीतकपाटांत अमोनियाचे द्रावण पंपाशिवाय, केवळ उताराने नळ्यांतून वाहते. गाडी फार कलली, तर हा प्रवाह अडतो व शीतकपाट कायमचे बिघडू शकते. रात्री पावसाने माती भिजून एखादा जॅक रुतला, तर हीच भीती असते. म्हणून तेथील कित्येक हौशी प्रवासी जॅकखाली ठेवण्यासाठी घरीच लाकडी ठोकळे बनवितात.

थोडे गणित करू. समजा, एका जॅकवर १००० किलोग्रॅम भार आहे आणि त्याचा पाया २० सेंमी. बाजूचा चौरस आहे. क्षेत्रफळ ४०० चौ. सेंमी.; म्हणजे दर चौ. सेंमी.वर अडीच किलोग्रॅम भार. खाली ४७ सेंमी. बाजूचा चौरस ठोकळा ठेवला, तर क्षेत्रफळ सुमारे २२०० चौ. सेंमी. होते. भार तोच, दाब मात्र अर्ध्या किलोग्रॅमहूनही कमी!

पण हे खरे केव्हा? ठोकळा वाकला नाही तरच. फळी पातळ असेल तर ती मध्ये दबते, कडा उचलल्या जातात आणि सारा भार पुन्हा मधल्या भागावर येतो. ढोबळमानाने असे धरतात, की जितकी जाडी, तितकाच भार प्रत्येक बाजूस फाकतो. ३·८ सेंमी. जाडीच्या एका थराने भार जेमतेम २७·६ सेंमी. बाजूच्या चौरसावर पसरेल. दाब होईल सुमारे १·३ किलोग्रॅम. तीन थरांनी तो सुमारे ४३ सेंमी. बाजूच्या चौरसावर पसरेल आणि दाब साधारण अर्ध्या किलोग्रॅमवर येईल. नुसती रुंदी पुरत नाही. तिला जाडीची साथ हवी.

ही मापे का घेतली? तेथे ‘दोन बाय दहा’ इंच म्हणून विकली जाणारी फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड व सव्वानऊ इंच रुंद, म्हणजे ३·८ व २३·५ सेंमी. असते. ४७ सेंमी. लांबीचे दोन तुकडे शेजारी ठेवले की चौरस तयार! दुसरा थर पहिल्याशी काटकोनात ठेवतात, तिसरा पुन्हा पहिल्यासारखा. लाकूड तंतूंच्या दिशेने सहज चिरते. आडव्या तंतूंचा थर ती चीर रोखून धरतो. प्लायवूडचे तत्त्वही हेच. थर पाण्याने न सुटणाऱ्या सरसाने व स्क्रूंनी जोडतात. असा एक ठोकळा सुमारे बारा-तेरा किलोग्रॅमचा होतो, म्हणून उचलण्यासाठी त्याला दोरीची कडी लावतात.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये. ठोकळा कितीही भक्कम असला, तरी केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरू नये.

आता एक प्रयोग करा. ओल्या वाळूवर पुठ्ठा ठेवून त्याच्या मधोमध वीट उभी ठेवा. नंतर पुठ्ठ्याऐवजी त्याच मापाची जाड फळी घ्या. दोन्ही वेळा वाळूवर उमटलेले ठसे मोजून ताडून पाहा. कोणत्या ठशाच्या कडा खोल आहेत, आणि का?